तुझ्या फोनवर गेलेला नंबर

पंकज,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तू मला दुसरं काही बोलायला जागा ठेवली आहेस का? काल खाप्याला तुझ्या आईकडे जाऊन आले. तिथे जे झालं ते तुला कळलंच पाहिजे, म्हणून लिहिते आहे.

आपल्या ऑफिसचा संगणक जळाला. वीज गेली, आली, परत गेली आणि मागून धूर निघाला. मी नवा लॅपटॉप घेतला, लागेल ते सगळं त्यावर चढवलं. राहिला तो आपला कोड. चार वर्षं दोघांनी मिळून लिहिलेला, कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांना शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या काढून देणारा. तो इंटरनेटवर सुखरूप होता, नुसता उतरवून घ्यायचा होता. पण घाई होती. आंबिया बहाराची संत्री यायला लागली आहेत आणि एकाच्या मालाचं वजन दुसऱ्याच्या पट्टीवर छापलं जातंय. सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर दुसरीकडे जातो, असं आपल्या मोठ्या अडत्यानं बजावलंय. तो गेला की बाकीचे जातील आणि आपलं ऑफिस बंद.

आणि त्या कोडचं खातं कोणाच्या हातात? तुझ्या! नव्या मशीनवरून शिरायचं तर ओटीपीचा नंबर जाणार तुझ्याच फोनवर. किती वेळा म्हटलं होतं, माझाही फोन जोडून ठेव. "लग्न झालं का तू चालली जाशीन, मंग मी काय करू?" असं म्हणालास, तेही गिऱ्हाइकासमोर. मी तेव्हा हसले होते. माझं लग्न अजून व्हायचंय आणि तू डेंग्यूच्या तापात आठवड्याभरात गेलास. सांग, कोण कोणाला सोडून गेलं?

तुझा फोन तुझ्या आईकडे, काकूंकडे असतो. तुझ्या फोटोशेजारी, चार्जरला लावलेला. दर महिन्याला त्या तो रिचार्ज करवतात. तू नाहीस हे त्यांना ठाऊक आहे, फोटोपुढे दिवा त्याच लावतात. तरी फोन बंद पडू देत नाहीत. हे सगळं फोनवरून कसं समजवायचं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन बसनं गेले.

त्यांच्यासमोर बसून बटण दाबलं. फोन थरथरला. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि "वाजला" एवढंच म्हणाल्या. मी नंबर विचारला तर म्हणाल्या, आधी चहा घे. तूही असाच फोन खिशात दाबून आधी चहा सांगायला लावायचास! ती सवय कुठून आली ते काल कळलं. चहा होईपर्यंत नंबरची मुदत संपली. पुन्हा दाबलं.

या वेळी त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचायला घेतलं. शेवटचे दोन राहिले असताना थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"तोच पाठवून राहिला का वं?"

पंकज, मुदत संपत आली होती. मी हो म्हणाले.

ते दोन आकडे त्यांनी किती आनंदानं सांगितले म्हणून सांगू!

कोड आला. चार वर्षांची मगजमारी कपातला चहा निवायच्या आत उतरली. बिघडलेला भाग उघडला तर वरच तुझी टीप: 'इथे माधुरीने हात लावू नये.' चूक तिथेच होती, शहाण्या. चार ओळी बदलल्या, तुझी टीप पुसली. मग खात्यातून तुझा फोन नंबर काढून माझा टाकला. तिथेच, त्यांच्यासमोर, त्यांनी दिलेला चिवडा खात.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. "आता कवा पाठवीन तो?" मी म्हटलं, बस चुकेल माझी.

आता तो फोन त्या नंबरासाठी कधीच वाजणार नाही, आणि काकू चार्जर काढणार नाहीत. खोटं मी बोलले, ते माझ्या माथी. पण तू एकदा, फक्त एकदा माझा फोन जोडला असतास तर मला त्या घरात असलं काम घेऊन जावंच लागलं नसतं. याबद्दल तुला माफ करायचं माझ्या मनात नाही.

सोमवारी पट्ट्या बरोबर निघतील, त्याची काळजी नको. वचन दुसरंच देते आहे. पुढच्या रविवारी मी परत खाप्याला जाईन. तू गेलास हे तुझ्या आईला पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितलं. आता दुसऱ्यांदा मी सांगेन.

तू कधी कबूल केली नाहीस ती तुझी भागीदार,
माधुरी