राळेची वडी

१४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही घ्या. वयानं तुम्ही मोठे, नात्यानं मी. कुणी कुणाला वाकायचं हा घोळ इतक्या वर्षांत सुटला नाही, आता कशाला सोडवायचा?

तुमचं पत्र येऊन अठरा दिवस झाले. दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिलाई मशीन अजून पायानं चालवते. शाळेच्या गणवेशांचं काम आहे, त्यामुळे दिवस जातो. संध्याकाळ जात नाही. साडेसहाला हे चष्म्याच्या दुकानातून यायचे, हातपाय धुवायचे आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून व्हायोलिन काढायचे. भाजी शिजल्याचा आवाज त्यात मिसळू नये म्हणून मी गॅस बारीक करायची. अजून करते. बारीक केल्यावर आठवतं.

व्हायोलिन न्यायला येऊ का, असं तुम्ही विचारलंत. या. ते माझ्यापाशी पडून राहण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, सांगितलीत. एकतीस वर्षांपूर्वी त्या वाद्यवृंदाच्या निवडीत दादानं मुद्दाम माघार घेतली आणि ती एकुलती जागा तुम्हाला मिळू दिली. एकतीस वर्षं मी दादाच्या ताटातलं जेवलो, म्हणून त्याच्यासमोर वाजवायला कधी धजलो नाही, असं तुम्ही लिहिलंत. शेवटी म्हटलंत, “वहिनी, तुम्हाला तरी तो बोलला असेल.”

नाही बोलले. त्या दिवशी घरी आले ते नेहमीसारखे. चहा मागितला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “मीच नको म्हटलं. जे मनासाठी आहे ते पोटाला जुंपायचं नाही.” हे वाक्य पुढे सगळ्या गल्लीला पाठ झालं. लग्नात वाजवा, चांगले पैसे देतो, असं सांगायला कुणी आलं की हे हात जोडायचे. दुकानाच्या मालकानं एकदा टोमणा मारला, “अहो, तुमच्या बोटांत सोनं आहे आणि तुम्ही काचा घासता.” हे म्हणाले, “दिवसभर लोकांच्या डोळ्यांचं बघतो, संध्याकाळी माझ्या कानांचं बघतो. वाटणी चोख आहे.” मालक हसला. मीही हे चार जणींना अभिमानानं सांगितलं. सोनाराशी लग्न लागल्यासारखी मिरवायची मी.

भाऊजी, तुम्हाला माहीत आहे, माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायचं वेड यांनी लावलं, रद्दीतून पुस्तकं आणून. हे गेल्यावर वाचनालयात नाव घातलं. तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, व्हायोलिन तुमच्या हाती नीट स्थितीत द्यावं. म्हणून वाचनालयातल्या बाईंकडून तारवाद्यांची निगा कशी राखावी याचं एक पातळ पुस्तक मागून आणलं. चौदाव्या पानावर लिहिलं आहे, की तारांवर फिरवायच्या गजाच्या केसांना तेलाचा थेंबही लागू देऊ नये. लागला तर गज तारेवरून नुसता घसरतो, सूर निघत नाही. राळ कितीही घासा, उपयोग नाही. केसच बदलावे लागतात.

ते पान मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसले.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी हे तुमच्याकडे बसच्या वेळा ठरवायला आले होते. आमच्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. मला वाटलं, एवढ्या मोठ्या ठिकाणी जायचं, वस्तू स्वच्छ हवी. पेटी उघडली. गजाचे केस पांढऱ्या पुडीनं माखलेले, हाताला चिकट, कोरडे. मला काय ठाऊक तीच राळ, आणि तिच्यामुळेच सूर धरतो? मी मशीनवालीची मुलगी. जे कुरकुरतं त्याला तेल घालायचं, एवढंच मला शिकवलेलं. फडक्यानं सगळी पूड पुसली. मशीनच्या तेलाचे दोन थेंब बोटावर घेतले आणि केसांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. छान चमकले. यांना अचंबा वाटावा म्हणून सांगितलं नाही.

पहाटेची बस होती. बाकावर बसून दादानं बोटांनी तारा जुळवल्या, असं तुम्हीच कधीतरी सांगितलं होतंत. गज तारेवर टेकला तो आत, परीक्षकांसमोर. दोन मिनिटांत हे बाहेर आले. दाराबाहेर पाच पावलांवर तुम्ही तुमचा चांगला गज घेऊन बसला होतात. मागितला असता तर तुम्ही दिला असता. पण का हवा, ते सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं. बायकोनं तेल लावलं, हे.

तर तुम्ही कुणाचं काही खाल्लं नाहीत, भाऊजी. जागा दादानं सोडली नाही. ती मी घालवली. हे तुम्हाला न सांगता राहता आलं असतं. तुमचा दादा तुमच्या मनात त्यागी राहिला असता आणि मी तुमची चांगली वहिनी. दोनदा पत्र फाडलं ते यासाठीच. पण तुम्ही एकतीस वर्षं मान खाली घालून आमच्या घरी आलात, आणि ती मान माझी खाली हवी होती.

माझा जीव अडकला आहे तो वेगळ्याच ठिकाणी. ते पोटाला न जुंपण्याचं वाक्य यांचं खरंच होतं, की माझ्यासाठी रचलं आणि मग जन्मभर निभावलं? मी रोज स्टुलाकडे बघून विचारते. कधी वाटतं, एवढा गोड वाजवणारा माणूस दुःखी कसा असेल? कधी वाटतं, माझ्यासमोर ते दुसरं काय वाजवणार? त्यातून आणखी वाईट सांगते. त्या रोजच्या संध्याकाळी मला मिळाल्या त्या माझ्या चुकीमुळे. नाहीतर हे गावोगाव फिरले असते. पस्तावा करायला बसते आणि तो पुरा होत नाही, कारण त्या संध्याकाळी परत द्यायला मन तयार होत नाही.

शेवटच्या महिन्यात यांचे हात थरथरायचे. गजाला एरवी मला हात लावू देत नसत. त्या दिवशी पेटीतून राळेची वडी काढून माझ्या हातात दिली आणि गज पुढे केला. म्हणाले, “हे घास. बाकी काही नको.”

आणि हसले, भाऊजी. खोकला येईपर्यंत हसले. मला वाटलं, आजारपणातलं हसू. मीही सोबत हसले.

आता कळलं कशाला हसत होते.

रविवारी या. संध्याकाळी साडेसहाला स्टुलावर बसून एकदा वाजवा, मग व्हायोलिन न्या. राळेची वडी मात्र मी ठेवून घेणार आहे. माझ्याकडे पाहून मान फिरवलीत तरी चालेल, वाजवताना फक्त ताठ बसा.

गॅस बारीक करून ठेवते.

ज्यांनी मला कधी दोष दिला नाही त्यांची बायको,
तुमची वहिनी