तीस पट झूम आणि बाविसावी रांग

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमच्या ताईचं प्लास्टर अजून दोन आठवडे राहणार आहे. पाय पलंगावर आणि लक्ष घरभर, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तुमची कंबर काय म्हणते? (ऑफिसातली ती खुर्ची बदलून मागा, हे मी किती वेळा सांगू?) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण पलंग आणि माझं शिलाई मशीन यांच्यामध्ये एक पडदा तेवढा आहे, आणि तुमच्या ताईचे कान किती तिखट आहेत, हे तुम्ही लहानपणापासून जाणता.

पदक-समारंभात तुम्ही कॉलेजचा स्टाफ म्हणून पहिल्या रांगेत बसला होतात, आणि मागे वळून माझ्या कॅमेऱ्याकडे बघून हसलात. ते मला दिसलं. (तीस पट झूममधून तुमचं हसू फारच मोठं दिसतं.) ‘भाऊजी, हातात फोन असताना हे खूळ कशाला?’ असं तुम्ही आधीही म्हणाला होतात. हातात फोन तुमच्या असतो. माझ्या फोनला बटणं आहेत. लेक अख्ख्या कॉलेजात पहिली येते आणि तिच्या आईला तो सोहळा बघता येत नाही, तेव्हा बापाने काय करावं? तुमची ताई एवढंच म्हणाली, ‘मला तिचा स्टेजवरचा चेहरा बघायचाय.’ लग्नाला पंचवीस वर्षं झाली, या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी मशीनच्या मोटारीसाठी बाजूला ठेवलेले पैसे उचलले आणि निघालो.

पण आधी कॉलेजात गेलो. पासवर बाविसावी रांग लिहिली होती. त्या रांगेपासून स्टेजपर्यंतचं अंतर मी गळ्यातल्या टेपने मोजलं. एकवीस टेप भरलं. (वॉचमनने हटकलं. ‘माप घेतोय,’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘पडदे शिवायचेत का?’ मी हो म्हटलं. पुढचं सगळं माप त्याने दुसरं टोक धरून घेऊ दिलं.)

दुकानात माझ्या पैशांत बसणारे दोनच कॅमेरे निघाले. एक चपटा, खिशात मावेल असा, दहा पट झूमचा. दुसरा जरा जाडा, तीस पटवाला. दुकानदार म्हणाला, ‘काका, हॉलमध्ये उजेड कमी असतो. लांबचं जवळ आणायला गेलात की हात हलतो. चपटा घ्या.’ मी त्याला म्हटलं, बोलून काय होतंय, प्रत्यक्ष बघू. रस्त्यावर एकवीस टेप मोजले आणि त्यालाच पलीकडच्या औषधाच्या दुकानापाशी किमतीची पाटी धरून उभं केलं. मी इकडे त्याच्या गल्ल्यामागे बसून एकदा याच्यातून, एकदा त्याच्यातून बघत होतो. (दरम्यान एक गिऱ्हाईक आलं. त्याला मी बॅटरीचा भाव सांगितला. तो बरोबर निघाला.) दहा पटमध्ये अख्खा दुकानदार दिसत होता. तीस पटमध्ये त्याच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या धाग्याने लावलंय, हे दिसलं. मी जागच्या जागी जाडा घेतला. आम्ही कापड बेततानाही चार बोटं जास्तच धरतो, जास्तीचं आत दुमडता येतं. आणि हात हलण्याचं म्हणाल, तर तीस वर्षं सुईत दोरा ओवणारा हात आहे हा!

निकाल ऐका. एकोणीस फोटो, एकही हललेला नाही. लेकीच्या अंगात मीच शिवलेला निळा कोट होता, त्याची कॉलर इतकी स्पष्ट आली आहे की शिवणीतला टाका न् टाका मोजून घ्यावा. खांद्यावर एक चुणी नाही. पदक घालताना पाहुण्यांच्या कोटाची बाही शेजारी आली आहे, तीही बघा आणि आमचीही बघा, मग बोला. माझी छाती त्या दिवसापासून दोन इंचांनी वाढली आहे.

कळावे, लोभ आहेच, हसणं आवरतं घ्यावं.

तुमचे,
भाऊजी

ता. क. तुमच्या फोनमध्ये लेकीचा एखादा फोटो असेलच. तेवढा कागदावर छापून गुपचूप पाठवा. माझ्या एकोणिसांत चेहरा एकाही फोटोत नाही. कॅमेरा वर नेला की माझे डोळे भरून यायचे आणि काही दिसायचं नाही. शिवणीवर आणला की दिसायचं, म्हणून मी शिवणीवरच राहिलो. ताईला ‘फोटो दुकानात दिलेत’ असं सांगितलंय. आज तिसरा दिवस.

ता. क. दुसरा. पाकीट आणायला बाहेर गेलो, तेवढ्यात तुमच्या ताईने कुबडी टेकत येऊन पत्रही वाचलं आणि कॅमेराही उघडला. एकोणीसही फोटो सावकाश पाहिले. रागावली नाही. म्हणाली, ‘घाबरली की ही खांदे कानापर्यंत नेते, कोट लगेच मानेपाशी फुगतो. इथे एकातही फुगलेला नाही. म्हणजे पोर जराही घाबरली नव्हती.’ आणि पदर डोळ्यांना लावला. तिचं काम झालं आहे. तरी फोटो पाठवा, लेकीचा तो स्टेजवरचा चेहरा मीही अजून पाहिलेला नाही.