गोबरगॅसची टाकी बायनाबाईच्या नावे

मी, दगडाबाई भ्रतार कैलासवासी सटवाजी सोळंके, वय साठीच्या पुढे, राहणार मौजे खडकवाडी, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, धंदा शेती आणि वीज, लिहून ठेवते की माझी अक्कल ठिकाणावर आहे, आणि कोणी दमदाटी केली म्हणून किंवा गोडगोड बोललं म्हणून मी हे लिहीत नाही. धंद्यापुढे वकीलसाहेबांनी कच्च्या मसुद्यात 'घरकाम' लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. गावाला उजेड देणाऱ्या बाईचा धंदा घरकाम कसा? छातीच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, म्हणून हा कागद आजच करते आहे.

कलम पहिले. नदीकडचं रान, राहतं घर, बैलजोडी आणि औतं माझा मुलगा उद्धव यास मिळावीत. पोटचा आहे, त्याचा हक्क मी मारत नाही. रान चांगलं आहे, मालक आळशी आहे. त्याला मृत्युपत्रात इलाज नाही.

कलम दुसरे. गावठाणातली गोबरगॅसची टाकी, तिचा खड्डा, गॅसवर चालणारं इंजिन, डायनामो, घरोघर गेलेल्या तारा आणि या सगळ्याखालची जागा मी बायनाबाई भालेराव, राहणार बौद्धवाडा, खडकवाडी, यांना कायमची देते. त्यात उद्धवचा काडीचाही हक्क नाही. का, ते ऐका.

माझे मालक वारले त्या साली माझ्या माहेरी, बोरीला, मी गोबरगॅसवर दिवा जळताना पाहिला. हट्टानं टाकी बसवली. पण इंजिन फिरवायचं तर माझ्या गोठ्यातलं शेण पुरेना. नामांतराच्या दंगलीत आसपास घरं जळाली होती. त्यानंतर बौद्धवाड्यातलं कोणी आमच्या आळीत पाऊल टाकत नव्हतं. बायनाबाई आली. दारात उभी राहून म्हणाली, "शेण आमी आणतो. उजेड आमाला बी द्या." मी म्हणलं, "आण." त्या दिवशी आमचा कायदा ठरला: ज्या घरात दिवा, त्या घरच्या माणसानं रोज शेणाची पाटी आपल्या डोक्यावर आणायची. पैसा नको, गड्याच्या हाती धाडायची नाही. गॅस निघून उरलेलं पातळ खत ज्याचं त्यानं रानात न्यायचं. भांडणं झाली, पण दिवा विझला नाही.

श्री. दत्तराव दुधाटे, गावचे मोठे माणूस, मला येऊन म्हणाले होते, "वैनी, त्यांच्या शेणाचा उजेड आमच्या देव्हाऱ्यात नको." मी म्हणलं, "खड्ड्यात गेल्यावर कोणाच्या म्हशीचं शेण ते टाकीला कळत न्हाई. तुमच्या देवाला कळत असंल तर त्याला अंधारात ठिवा." त्यांनी आमची तार घेतली नाही.

पुढे सरकारी खांब आले. ते मारुतीच्या देवळापाशी थांबले. त्यापुढे बौद्धवाडा आहे. मोजणीला आलेले साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्यात बघू. तो टप्पा अजून आला नाही. आता उद्धव आणि दत्तराव यांनी मिळून ठरवलंय की माझ्यामागं खड्डा बुजवायचा आणि ती जागा सरकारी विजेच्या डीपीला द्यायची. उद्धव मला म्हणतो, "आय, खांब आलेत की. शेण कालवत बसायचं कशाला?" अरे लेकरा, तुझ्या दारात खांब आलाय. तिच्या दारात कुठं आलाय? खड्डा बुजला की वाड्यात पुन्हा रॉकेलच्या चिमण्या पेटतील, हे त्याला कळतं. कळून तो तसं बोलतो, याचा मला राग आहे आणि तो मी सोबत नेणार आहे.

कलम तिसरे. माझा कंदील दत्तराव दुधाटे यांना द्यावा. वात नवी घातली आहे. त्यांच्या लेकीच्या, हेमाच्या हळदीला खांबावरची लाइट गेली. व्याही मंडपात, सगळा अंधार. त्यांनी गड्याला धाडलं, "वैनीला म्हणावं तार टाका." मी विचारलं, "पाटी कुठाय?" गड्यानं पाटी आणली, ती मी परत लावून दिली. मग त्यांची बायको विमलाबाई हळदीच्या लुगड्यावर, व्याह्यांच्या देखत, शेणाची पाटी डोक्यावर घेऊन चौकातून आली. बायनाबाईनं पुढे होऊन ती उतरवून घेतली. विमलाबाईंनी हात मागे घेतला नाही. दत्तराव त्याच उजेडात जेवले. पचलं असावं.

कलम चौथे. माझ्या पाटल्या मोडून उन्हावर चालणारी काच घ्यावी आणि बायनाबाईच्या छपरावर बसवावी. परभणीच्या मेळाव्यात मी ती पाहिली आहे. निळी काच उन्हात ठेवलेली, खाली दिवा जळतोय, ना शेण ना डिझेल. महाग आहे. आज पाटल्यांत येत नसेल तर स्वस्त होईपर्यंत थांबावं. आपल्याकडं ऊन तर लय.

उद्या खांब वाड्यात पोचले तरी बायनाबाईनं आपली तार काढू नये. वीजवाल्यांना सांगावं, तुमची घेऊ तेवढी मोजा, आमची जास्तीची तुमच्या तारेत घ्या आणि ती पण मोजा. मी हे मोजणीच्या साहेबांना बोलले होते. ते हसून म्हणाले, "आजी, वीज वरून खाली येते, खालून वर जात नाही." मी म्हणलं, "पाणी तसं जातंय साहेब. धूर वर जातोय." घरोघरी अशा काचा बसतील त्या दिवशी साहेबच वही घेऊन आमच्या दारी येतील. त्यांना चहा पाजावा. मी नसेन, पण माझ्या वतीनं हसावं.

कलम पाचवे. मी मयत झाल्यावर सुतक म्हणून इंजिन बंद ठेवू नये. चूल थंड राहू द्या, गावची पिठाची गिरणी बंद ठेवा, पण वाड्यातले दिवे त्या संध्याकाळी लागलेच पाहिजेत. उद्धवनं आधी खड्ड्यात शेणाची पाटी टाकावी आणि मग मला खांदा द्यावा. पाटी टाकायची लाज वाटली तर खांद्यालाही येऊ नये. तसं झालं तर मडकं बायनाबाईनं धरावं आणि अग्नी तिनं द्यावा. तिच्या हातचा उजेड मी जिवंतपणी घेतला, मेल्यावर विटाळ कसला? यावर भावकीनं बसून चर्चा करू नये. मी ऐकायला नाही.

विमलाबाईंना मी काही ठेवत नाही. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये. साक्षीला या, असा निरोप मी घाबरतच धाडला होता.

हा कागद मी वाचून घेतला, मला पटला, म्हणून सही करते. अंगठा नाही, सही.

दगडाबाई सटवाजी सोळंके
ठिकाण: गंगाखेड
दिनांक: ९ मार्च १९८८

साक्षीदार पहिले: तात्याराव गोरे, शिक्षक, खडकवाडी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कागद मीच लिहिला, शब्द त्यांचे आहेत.

साक्षीदार दुसरे: विमला भ्रतार दत्तराव दुधाटे, खडकवाडी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कागद मी स्वतः वाचला, कंदिलाचं कलमही वाचलं. घरी सांगून आले आहे.