हार घातलेला फोटो

४ फेब्रुवारी २००४
आमच्या गाडीला काळं फासलं! चांगली नारिंगी ट्रक, दोन वर्षांपूर्वी उदगीरहून घेतलेली. कागद अजून जुन्या मालकाच्याच नावावर, आणि सिनेमावाल्यांनी एका दिवसात काळी करून दारावर वाघ काढला. राजेश्वर गावच्या माळावर पाच दिवस शूटिंग. हिरोला ट्रक चालवता येत नाही, इंजिन सुरू झालं की दचकतो. मग त्याचा लाल शर्ट घालून आमचे हे गाडी पळवतात, आणि तो नुसती दारातून उडी मारून मिशीला पीळ देतो.

६ फेब्रुवारी
गोष्ट कळली. थोरला भाऊ ट्रक ड्रायव्हर. व्हिलन त्याला मारतो. धाकटा तीच गाडी घेऊन व्हिलनची गोदामं फोडत सुटतो. मध्ये ढाब्यावर एक नाच. असले दहा सिनेमे मी चिटगुप्प्याला बघितलेत, शेवटी गाडी पेटतेच. आमची पेटवू नका म्हणावं!

७ फेब्रुवारी
आज फार वाईट झालं. मेलेल्या भावाचा फोटो केबिनमध्ये लावायचा होता, तो ते लोक आणायलाच विसरले. ह्यांनी आमच्या लग्नाचा फोटो दिला! मधून कापला. माझा अर्धा घरी परत आला. ह्यांचा अर्धा फ्रेममध्ये — चंदनाचा हार, वर लाल दिवा. जित्या माणसाला!

सासूबाई बघून तिथंच खाली बसल्या. "राजशेखर, काढ रे ते. मी जिती हाय अजून."

"अव्वा, सिनेमा हाय. फोटोनं कोन मरतंय?"

हे हसले. मी रागानं जेवलेच नाही.

९ फेब्रुवारी
सिनेमावाले गेले. गाडी काळीच. फोटोही तसाच, स्क्रूनं घट्ट बसवलाय. "वाटंत काढतो, घाई हाय," म्हणाले. गुलबर्ग्याहून तूरडाळ भरून नागपूर, चार दिवसांत परत. मी हार तरी ओढून काढायला हवा होता. पण त्याला हात लावायची भीती वाटली. अजून वाटते.

१४ फेब्रुवारी
फोन नाही. एरवी रोज संध्याकाळी धुळाप्पाच्या किराणा दुकानात फोन येतो. नागपूरला डाळ पोचलीच नाही म्हणतात. माझा अर्धा फोटो पेटीतून काढला. खांद्याशी नुसती कापलेली कड. परत ठेवून दिला.

१६ फेब्रुवारी
नाही. सासूबाई लिंगपूजेवरून उठत नाहीत.

१८ फेब्रुवारी
धुळाप्पाकडे पोलिसांचा फोन आला होता, नांदेडकडून. विचारत होते, तुमच्या गावातला कोणी तरुण ड्रायव्हर एवढ्यात वारलाय का? धुळाप्पानं सांगितलं, "आमच्या गावात असं कोन बी वारलं न्हाई साहेब." मग मला सांगायला मुद्दाम घरी आला. "अक्का, कामून घाबरायलाव? ते मेलेल्याचं घर हुडकायलेत. आपलं न्हवं."

खरंच, आपलं नव्हे. देवापुढं साखर ठेवली. चार दिवसांनी पोटभर जेवले.

२१ फेब्रुवारी
दारात नांदेडचा पोलीस. हातात तोच फोटो, हारासकट. कडेला माझं मनगट, हिरव्या बांगड्या.

"बाई, ह्या मयताचं घर हेच का? याचा भाऊ आमच्याकडं दवाखान्यात आहे. भाऊच असणार, हा फोटो त्याच्या केबिनमध्ये होता. गाडी उलटली दहा तारखेला. तोंडभर पट्ट्या, जबडा मोडलाय, बोलता येत नाही. काल डोळे उघडले. खिसे कोणीतरी साफ केलेले, गाडीचा जुना मालक म्हणतो बसवकल्याणकडच्या माणसाला विकली. गळ्यात लिंग दिसलं, म्हणून इकडची लिंगायतांची घरं विचारत फिरतोय. या वारलेल्याचं नाव कोणी सांगेना."

सासूबाई आतून आल्या. "भाऊ? कुनाचा भाऊ?"

मी फोटोवरचा हार ओढून तोडला. मणी उंबऱ्यावर सांडले.

साहेब, ह्यांना भाऊ नाही!