एनॉकला खुर्चीत बसवणार

३ ऑगस्ट
ठरलं. सूड. गेल्या वर्षी गावच्या शोमध्ये जेवणाच्या खुर्चीसाठी एंट्री एकच होती. माझी. परीक्षक एनॉक प्रोबर्टने खुर्चीची पाठ दोन बोटांनी हलवली आणि मला दुसरं बक्षीस दिलं. पहिलं कुणालाच नाही! यंदा पहिल्या नंबरचं लाल कार्ड त्याच्याच हाताने लावून घेईन.

४ ऑगस्ट
नव्या खुर्चीचे पाय ओल्या लाकडाचे, त्यांना जोडणारे आडवे दांडे खडखडीत वाळलेले. ओला पाय वाळताना आकसतो आणि दांड्याला कायमचा धरून बसतो. हे शिकवलं एनॉकनेच, पण ते मी हिशेबात धरत नाही. दांडे शेगडीवर वाळत टाकले.

१० ऑगस्ट
मेबल म्हणाली, या स्वयंपाकघरात एकतर तुझे दांडे राहतील नाहीतर तुझी बायको. मी विचार करत होतो, तेवढ्यात तिने दांडे शेडमध्ये नेऊन टाकले. शेड गळतं. पाऊस सुरू.

२२ ऑगस्ट
दांडे दमट वाटतात. जरासेच. पुन्हा वाळवायला वेळ नाही, आणि कोरडे-ओले करत बसायचं ते नवशिक्यांनी. ठोकले. गुपचूप आत गेले.

३० ऑगस्ट
लव्हाळ्याची बैठक विणून झाली. मेबल म्हणाली, सुरेख दिसते. बस म्हटलं तर म्हणाली, मी उभीच बरी.

५ सप्टेंबर, दुपारी ४
आठवडाभर कडक ऊन. शोच्या तंबूची भट्टी झालेली. एनॉकने खुर्चीच्या पाठीला दोन बोटं लावली आणि हळूच विचारलं, विल्फ, तू बसलायस का रे हिच्यावर? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, परीक्षकाने बसावं, छाती असेल तर! तो म्हणाला, आधी करणाऱ्याचा मान. बसलो. उन्हात आकसलेले दांडे निसटले. मी पाद्रीबाबांच्या पायाशी. सगळा तंबू हसला, एनॉक सोडून. त्याला कधीही माफ करणार नाही.
तिसरं बक्षीस. एंट्री यंदाही एकच.

६ सप्टेंबर
दारात जुडी. आठ दांडे, खणखणीत वाळलेले, नेमके मापाचे. भोकं पाडायच्या माझ्या गिरमिटाचं माप त्याला पाठ आहे. गिरमिट त्यानेच दिलेलं. मेबल म्हणाली, एनॉक चहालाही थांबला नाही. मी जुडी शेगडीत घालायला निघालो. एक दांडा फक्त लावून बघितला. मग आठही ठोकले.
हे त्या खुर्चीवर बसूनच लिहितोय. हलत नाही मेली.