बिब्ब्याचा डाग

३ नोव्हेंबर, सोमवार

मांडीच्या सांध्यातली गाठ तीच निघाली. तळपायातला मेलेनोमा, म्हणजे कातडीचा काळा कॅन्सर, मार्चमध्ये कापून काढला होता, तो आता वर सरकलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून एक वाट आहे." मग चहा मागवला. त्यांनी चहा मागवला म्हणजे वाट अवघड असणार.

नव्या औषधाची चाचणी चालू आहे. पेप्टाइड — प्रथिनाचा इवलासा तुकडा. तो या कॅन्सरच्या पेशी हुडकून त्यांनाच चिकटतो, पाठीवर औषध घेऊन. पण सगळ्यांच्याच गाठीला चिकटत नाही. म्हणून आधी औषधाऐवजी स्कॅनमध्ये चमकणारी खूण लावून तुकडा सोडायचा आणि बघायचं. चिकटला तर मला चाचणीत घेतील. नाहीतर नाही.

मला लगेच कळलं. अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. आधी भोकात मापाचा गेज घालून बघायचा, बसला तर जॉब, म्हणजे तो सुटा भाग, पुढे. या वेळी जॉब मी आहे.

४ नोव्हेंबर

बायकोला सांगितलं. उज्वला रडली. मग म्हणाली, डब्याला भेंडी चालेल का. चालेल म्हणालो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चांदवडहून आईचा फोन. "पाय कसा हाय?" बरा आहे म्हणालो. "मंग येत का नाय?" काम आहे म्हणालो. तिला कुरूप काढलं एवढंच सांगितलंय.

खरं इथेच लिहितो. तीन वर्षांपूर्वी गावी कांदे लावताना पायात काटा मोडला. आईने तो काढला आणि बिब्बा तापवून वर लावला, नेहमीसारखा. बिब्ब्याचा डाग काळाच पडतो. म्हणून तळपायावर काळं दिसलं तेव्हा बघितलं आणि सोडून दिलं. दोन वर्षं! उज्वला म्हणायची, दाखवून या. मी म्हणायचो, आईचा बिब्बा आहे, जाईल. केसाएवढा ओरखडा दिसला तरी जॉब रिजेक्ट करणारा माणूस मी.

आईचा राग येतो. फार येतो. मार्चपासून तिच्यासमोर गेलो नाही. गेलो तर बोलून जाईन, आणि बोललो तर ती उरलेलं आयुष्य तेच धरून बसेल.

११ नोव्हेंबर

सुई टोचली, स्कॅन झाला. दोन तास हलू नका म्हणाले. नाही हललो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चिकटलं! पडद्यावर गाठ दिव्यासारखी उजळली होती. मूत्रपिंडंही उजळली होती, ती सगळ्यांचीच उजळतात म्हणे. सोमवारी पहिला डोस. बरं होईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. पण चहाही मागवला नाही. येताना अर्धा किलो जिलेबी आणली.

आईला माफ केलं. सोमवारच्या आत एकदा मन मोकळं करावं म्हणतो. उज्वलाला सांगितलं, तिला बोलावून घे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आई आली. तिच्यापुढे पाय ठेवला आणि सगळं सांगितलं — बिब्बा, डाग, दोन वर्षं. शेवटी म्हणालो, तुझा दोष नाही. तिने व्रणावरून हात फिरवला. दुसराही पाय पुढे ओढून तळवा बघितला.

मग म्हणाली, "कुंदन, काटा उजव्या पायात व्हता रं."

हा डावा आहे.