चार तासांत चार लिटर

३ मार्च, सोमवार
आजपासून शिस्त. दिवसाला पाऊण लिटर पाणी, थेंब जास्त नाही. बायकोने मापाची बाटली भरून दिली. डायलिसिसच्या सिस्टर म्हणाल्या, काका, दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी साठून वजन दोन किलोच्या वर वाढू देऊ नका. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, ब्रेक कधी दाबायचा ते मला कळतं.

५ मार्च, बुधवार
वाढ ३.४ किलो. त्यांचा काटा बिघडलाय. बाटली तर अर्धी उरली होती! चहा, ताक वेगळं. कलिंगड हे फळ आहे.
सिस्टर म्हणाल्या, तुमच्या वजनाला तासाला आठशे मिलीच्या वर पाणी ओढायचं नाही, हृदयावर ताण येतो, थोडं जास्त बसा. चार तासांनी उठलो. उरलेलं घामाने जाईल.

७ मार्च, शुक्रवार
वाढ ३.८. शेवटच्या तासात पायात गोळे. ओरडलो नाही. सिस्टर म्हणतात, ओरडलात. बीपी नव्वदवर, एसीमुळे. त्यांनी पाणी काढणं थांबवलं.
घरी बायकोने बर्फाचा ट्रे उचलून शेजारी देऊन टाकला. बर्फ चघळतात, पीत नाहीत, हे समजवायला गेलो तर स्वयंपाकघरात जाऊन रडली.

९ मार्च, रविवार
धाप लागते. तीन उशा घेतो. हवा दमट आहे.
खरी शिस्त उद्यापासून.

१० मार्च, सोमवार, दुपारी ४
वाढ ४.०. सिस्टर म्हणाल्या, पाच तास बसा, नाहीतर आज जमेल तेवढं काढू, उरलेलं उद्या. दोन्ही नामंजूर. सहा महिन्यांनी पहिला विद्यार्थी येतोय, पाच वाजता. बराच वाद घातला. 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहून सही केली. चार तासांत चार लिटर! मशीनपेक्षा माणूस खमका लागतो.
सिस्टर म्हणाल्या, अर्धा तास बसा, उभं करून बीपी बघते. कॅन्टीनला जातो सांगून सटकलो. बायको म्हणतेय टॅक्सी करू. स्कूटर मीच चालवणार.

१२ मार्च, बुधवार
परवाचं लिहायला हवं. वळणावर डोळ्यांपुढे पांढरं झालं, स्कूटर आडवी झाली. रस्त्यावर वाळू असावी. मला नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या बायकोचं मांडीचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं. पोलिसाला तिने सांगितलं, कुत्रं आडवं आलं.
कुत्रं नव्हतं. वाळूही नव्हती.
आज वाढ ३.९. दोन दिवस तिच्या वॉर्डबाहेर, पाण्याच्या कूलरशेजारीच बसून होतो. सिस्टर काही बोलायच्या आत म्हटलं, पाच तास लावा. हळूहळू काढलं. गोळे नाहीत, चक्कर नाही. उभं राहिल्यावरही बीपी बरोबर.
भेटायची वेळ चार ते सहा. माझं मशीन सहा दहाला सुटलं. दोन मजले चढून वर गेलो. दारावरच्या मावशींनी आत सोडलं नाही, निरोप मात्र नेला. परत येऊन म्हणाल्या, बाई विचारतायत, आज किती वाढलं?
खरं तेच सांगितलं.
मावशी आत गेल्या. मी कूलरपासून लांबच्या बाकावर जाऊन बसलो.